कोथिंबीर आधी : पहिल्यांदाच स्वतःचं स्वयंपाकघर मांडणाऱ्यांसाठी भाज्या-फळं धुण्याची पद्धत

पुण्यात नोकरीला आले त्या पहिल्याच पावसाळ्यात मला कावीळ झाली. तपासणीत हेपेटायटिस ए निघाला. डॉक्टरबाईंनी विचारलं, बाहेरचं खाता का? मी म्हटलं, नाही, दोन्ही वेळचं मीच करते. पाणी? उकळून. मग त्यांनी विचारलं, "आमटीवर वरून कोथिंबीर घालता ना? ती कशी धुता?" जुडी नळाखाली धरते आणि झटकते, असं मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

त्या कोथिंबिरीनेच कावीळ झाली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. या विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते सात आठवडे लागतात. एवढ्या दिवसांत काय काय पोटात गेलं, कुणाला आठवतं? पण दीड महिना अंथरुणावर पडून मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. पाणी उकळते, पोळी गरम खाते, आणि वरून घालायची ती हिरवी चिमूट मात्र कच्ची आणि जेमतेम ओली केलेली.

आमचं घर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. कोथिंबीर दाराशी वाफ्यात, पाणी आमच्याच विहिरीचं. खुडायची, झटकायची, चिरायची. तीच सवय घेऊन मी शहरात आले. शहरातली जुडी मात्र माझ्या हातात येईपर्यंत शेत, टेम्पो, आडत, हातगाडी आणि पंधरा-वीस हात फिरून आलेली असते. ती कोणत्या पाण्यावर वाढली, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. पुण्याच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेच्या पाण्यावर शेती होते. मुंबईत लोकलच्या खिडकीतून रुळांच्या कडेचे पालेभाजीचे वाफे कुणी पाहिले नाहीत?

आमच्या फ्लॅटवर दरवर्षी एखादी नवी मुलगी राहायला येते आणि दरवर्षी मी तिला हे सगळं ओट्यापाशी उभी राहून सांगते. या वेळी लिहूनच काढलं.

आधी एक प्रश्न : हे शिजणार आहे का?

भाजीवर चार गोष्टी असतात. माती, किडे, रोगजंतू आणि फवारणीचे अंश. चौघांची जायची वाट वेगवेगळी आहे. माती भरपूर पाण्याने जाते. किडे मिठाच्या पाण्यात बाहेर पडतात. फवारणीचे वरवरचे अंश चोळल्याने आणि खाण्याच्या सोड्याने कमी होतात. झाडाच्या आत भिनलेले कशानेच जात नाहीत. आणि रोगजंतू? त्यांचा खरा बंदोबस्त आचेवर होतो. हेपेटायटिस एचा विषाणू ८५ अंश सेल्सिअसला मिनिटभर ठेवला की मरतो. उकळत्या आमटीत तो टिकत नाही, जंतांची अंडीही टिकत नाहीत.

म्हणून सगळी भाजी सारख्या काळजीने धुवायची गरज नाही. भाजी हातात घेतली की पहिला प्रश्न विचारा : ही शिजणार आहे की कच्ची पोटात जाणार? शिजणार असेल तर माती, किडे आणि फवारणी एवढ्यांकडे बघा. कच्ची जाणार असेल तर सगळा वेळ आणि सगळं चांगलं पाणी तिच्यासाठी राखून ठेवा.

आता कच्चं काय काय जातं ते मोजा. काकडी, टोमॅटो, कांदा, गाजर हे लक्षात येतं. कोथिंबीर, चटणीतला पुदिना आणि हिरवी मिरची, पोह्यांवर पिळलेलं लिंबू, कोशिंबिरीतला मुळा, वडापावसोबतची मिरची, पंचामृतातलं तुळशीचं पान, जेवणानंतरचं विड्याचं पान, हे मात्र कुणी मोजत नाही. विड्याची पानं तर दुकानात दिवसभर ओल्या फडक्यात गुंडाळलेली असतात.

लागणारं साहित्य

- दोन मोठी पातेली किंवा एक पातेलं आणि एक घमेलं, फक्त भाजीसाठी
- रोळी, किंवा मोठ्या भोकांची चाळणी
- नरम दातांचा छोटा ब्रश (नवा टूथब्रशही चालतो, पण त्याला वेगळी खूण करा)
- सुती पंचे किंवा जुन्या मऊ साडीचे धुतलेले तुकडे, निदान चार
- जाडं मीठ
- खाण्याचा सोडा
- बिनसुईची ५ मिलीची सिरिंज, क्लोरीन मोजायला; हे सगळ्यांना लागेलच असं नाही
- पिण्यायोग्य पाणी, शेवटच्या धुण्यापुरतं

खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किराणा दुकानात नुसता "सोडा द्या" म्हटलं तर कपड्यांचा हातात पडू शकतो, आणि तो खाण्याच्या वस्तूंना लावायचा नाही. बेकिंग पावडरही यासाठी उपयोगाची नाही.

भाज्या धुवायचं यंत्र, ओझोनचा डबा, सुगंधी "व्हेजी वॉश" या यादीत नाही, हे मुद्दाम सांगते. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याच्या कृषी संशोधन केंद्राने २००० साली १२ कीटकनाशकांवर केलेलं काम मला फार पटलं. नुसत्या नळाच्या पाण्याखाली धुतल्याने १२ पैकी ९ कीटकनाशकांचे अंश कमी झाले, आणि धुण्याचे खास द्रव वापरून त्यापेक्षा जास्त काही साधलं नाही. ते पैसे चांगल्या रोळीवर घाला.

१. निम्मं काम बाजारातच करा

जुडी विकत घेताना ती सोडून आतलं बघा. वरून टवटवीत आणि आत सडलेली, चिकट झालेली जुडी धुऊन चांगली होत नाही. फुटलेला टोमॅटो, भेग पडलेलं गाजर, ठेचलेलं सफरचंद घेऊ नका. जिथे साल फुटली तिथून जंतू आत गेलेले असतात आणि आत पाणी पोचत नाही.

गाजरं आणि मुळे लख्ख धुतलेले दिसले म्हणून ते स्वच्छ आहेत असं समजू नका. बाजारात आणण्याआधी ते बहुतेक वेळा शेताजवळच्या ओढ्यात नाहीतर कालव्यात धुतात. मातीचं गाजर घरी आणून स्वतः धुतलेलं मला बरं वाटतं. कापलेलं कलिंगड, सोललेलं अननस, चिरलेली भाजीची पाकिटं मी घेत नाही. कुणी कोणत्या पाण्याने धुतली आणि कोणत्या सुरीने कापली, हे कळायला मार्ग नाही.

२. आणल्या आणल्या धुऊन ठेवू नका

नव्याने घर मांडणारी प्रत्येकजण उत्साहात हे करते. रविवारी आठवड्याची भाजी आणायची, सगळी धुवायची, ओलीच फ्रिजमध्ये कोंबायची आणि बुधवारी काळी पडलेली मेथी टाकून द्यायची. ओलाव्याने भाजी लवकर सडते.

आल्यावर फक्त निवडा. रबर, सुतळी काढून टाका, पिवळी आणि सडकी पानं काढा, मातीची मुळं छाटा, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळायची सवय आपल्या घराघरांत आहे, पण छपाईची शाई खाण्याच्या वस्तूला लागू नये. धुवायचं ते वापरायच्या वेळी. सकाळी घाईच असेल तर आदल्या रात्री धुऊन, पूर्ण निथळून, पंच्यात गुंडाळून ठेवा. एका रात्रीने काही बिघडत नाही.

३. हात, ओटा, विळी

भाजीला हात लावण्याआधी साबणाने वीस सेकंद हात धुवा. सिंकमध्येच बूच लावून त्यात भाजी भिजत घालू नका. खरकट्या भांड्यांचं, मटणाच्या पाण्याचं सगळं तिथूनच गेलेलं असतं. पातेलं घ्या.

आणि ज्या विळीवर मासे कापले त्याच विळीवर, नुसतं पाणी ओतून, कोशिंबिरीची काकडी चिरू नका. जमलं तर कच्च्या मांस-माशांसाठी सुरी आणि पाट वेगळा ठेवा. एकच असेल तर आधी कोशिंबीर चिरून झाकून ठेवा, मासळीला नंतर हात घाला.

४. पालेभाजी : बुडवा, हलवा, वर उचला

इथे थोडं थांबते, कारण सर्वात जास्त चुका इथे होतात आणि सर्वात जास्त धोकाही इथेच आहे.

नळाखाली जुडी धरून पालेभाजी धुतली जात नाही. पाणी बाहेरच्या पानांवरून निसटून जातं, आतली माती आतच राहते. जुडी पूर्ण मोकळी करा. कोथिंबीर असेल तर मुळं आणि मातीचा भाग आधीच छाटा. मेथी, पालक, शेपू, चाकवत, काहीही असो, आधी निवडायचं, मग धुवायचं, सगळ्यात शेवटी चिरायचं. चिरून धुतलं तर क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्याबरोबर वाहून जातात, शिवाय बाहेरची घाण कापलेल्या देठांतून आत शिरते.

मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या. भाजी पोहायला हवी, दाटीवाटीने बसायला नको. दोन्ही हातांनी हलकेच घुसळा, पानं पाण्यात एकमेकांवर घासू द्या, मग दोन मिनिटं हात बाहेर काढून थांबा. माती तळाशी बसते. आता भाजी वरच्या वर, हातांनी किंवा झाऱ्याने उचलून रोळीत काढा. पातेलं चाळणीत उपडं करू नका. उपडं केलं की तळाशी बसलेली सगळी माती परत भाजीवरच येते. माझ्या आजीने मला हे लहानपणी एकदा दाखवलं होतं. तेव्हा लक्ष दिलं नाही, कारण घरच्या कोथिंबिरीला त्याची गरजच पडत नसे.

पातेल्यात बोटाने तळ चाचपून बघा. कचकच लागली तर पुन्हा नवं पाणी. पावसाळ्यातल्या पालकाला चार पाणी लागतात, एरवी तीन पुरतात. मोजू नका, तळ चाचपा.

शिजणारी भाजी एवढ्यावर थांबवली तरी चालेल. कोथिंबीर आणि पुदिना कच्चा खायचा असेल तर शेवटचं पाणी पिण्याचं घ्या, म्हणजे उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं. नळाला गढूळ पाणी येत असेल, सोसायटीत टँकर येत असेल, तर हे टाळू नका. दूषित पाण्याने कितीही वेळा धुतलं तरी शेवटी तेच पाणी पानावर राहतं. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, कुणी नुकतं आजारातून उठलं असेल, तर सातव्या पायरीतलं क्लोरीनचं पाणी वापरा. गरोदरपणात तर मातीतून येणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचाही धोका असतो; तो क्लोरीनने मरत नाही, म्हणून चोळून धुणं सोडू नका.

कढीपत्ता फोडणीत जातो, म्हणून लोक त्याला पाणी दाखवतच नाहीत. तेलात जंतू मरतात, फवारणी मात्र तिथेच राहते. पानं डहाळीवरून काढून, बोटांच्या मध्ये चोळून धुवा.

५. फ्लॉवर, कोबी आणि ती "मेंदूत जाणारी अळी"

फ्लॉवरचे तुरे मोकळे करा. कोमट पाण्यात, लिटरला दोन चमचे जाडं मीठ घालून दहा मिनिटं बुडवून ठेवा. अळ्या सुटून वर येतात. मग साध्या पाण्याने धुवा. हळद घालायची पद्धत आहे, घाला हवी तर, पण हळदीच्या पाण्याने भाजी निर्जंतुक झाली असं समजू नका.

कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाका. माती, हाताळणी आणि फवारणी सगळ्यात जास्त तिथेच असते. मग गड्डा धुवा, अर्धा करून आत कीड आहे का बघा, लागल्यास पानं सुटी करून मिठाच्या पाण्यात घाला.

आता त्या अळीबद्दल. कोबीत दिसणारी हिरवी अळी पोटात गेली तर मेंदूत जाते, ही भीती मी हॉस्टेलपासून ऐकत आले. अनेकजणी कोबी खायचंच सोडतात. ती अळी पानं खाणारी आहे. माणसाच्या अंगात ती जगत नाही. मेंदूत जातो तो वेगळाच जीव, डुकराच्या मांसाशी जोडलेला पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म. ज्या माणसाच्या आतड्यात तो आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. मैलापाण्यातून किंवा न धुतलेल्या हातांवरून ती भाजीवर येतात आणि कच्च्या भाजीबरोबर पोटात गेली तर त्यांतून निघालेले डिंभक मेंदूपर्यंत पोचून गाठी करू शकतात. त्याने फिट येतात. जन्मभर मांस न खाल्लेल्या माणसालाही हे होऊ शकतं.

म्हणजे धोका खरा आहे, पण तो डोळ्यांना दिसत नाही, आणि तो कोबीपुरता नाही. कोथिंबीर, मुळा, गाजर, जे जमिनीलगत वाढतं आणि कच्चं खाल्लं जातं त्या सगळ्यावर तो असू शकतो. अळी दिसली म्हणून कोबी टाकून द्यायची आणि कोथिंबीर झटकून घालायची, हे उलटं झालं. शिजवलेल्या कोबीत ही अंडी जगत नाहीत.

६. फळभाज्या, कंदमुळं, फळं

भेंडी अख्खी धुवा आणि एकेक पुसून पूर्ण कोरडी करा, नाहीतर चिरताना तार सुटते. कारल्याच्या खाचांमध्ये ब्रश फिरवा. ढोबळी मिरचीच्या देठाजवळचा खोलगट भाग अंगठ्याने चोळा. हिरव्या मिरचीचे देठ धुऊन झाल्यावर काढा, आधी नाही. गाजर, काकडी, बीट, बटाटा सोलायचा असला तरी आधी धुवायचा. न धुता सोललं की सुरी सालीवरची घाण थेट गरात नेते. कलिंगड आणि खरबुजालाही हेच लागू आहे. खरबुजाच्या जाळीदार सालीत माती घट्ट बसते, म्हणून वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासा आणि पुसून मग कापा. "साल तर खाणार नाही" हे त्यावर उत्तर नव्हे.

उन्हातून आणलेले टोमॅटो लगेच बर्फासारख्या गार पाण्यात टाकू नका. गरम फळ एकदम गार झालं की आत पोकळी आकसते आणि देठाच्या खाचेतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, जंतूंसकट. घरातल्या तापमानाला येऊ द्या.

द्राक्षांबद्दल मला जरा जास्त सांगायचं आहे, कारण मी त्यांच्यात वाढले. ऑक्टोबरची छाटणी झाल्यापासून माल निघेपर्यंत डाउनी आणि भुरी या दोन रोगांशी झुंज चालते. दव पडलं, अवकाळी पाऊस आला की फवारणी करावीच लागते. औषध दवाने वाहून जाऊ नये म्हणून त्यात स्टिकर, म्हणजे औषध धरून ठेवणारं चिकट द्रव्य, मिसळतात. त्यामुळे घड एकदा पाण्यात बुडवून काढला तर फारसं काही होत नाही. फवारणी करून आलेले वडील अंघोळ झाल्याशिवाय आम्हाला जवळ घेत नसत. शेतकरी हे हौसेने मारत नाही, बाग वाचवायला मारतो. आणि शेवटच्या फवारणीनंतर ठरलेले दिवस थांबूनच माल तोडायचा, हे आमच्याकडे काटेकोर पाळलं जातं. काही औषधं आंतरप्रवाही असतात, वेलीच्या आत भिनतात. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले, ते अशाच आत भिनणाऱ्यांपैकी. ते धुऊन जाण्यातले नव्हते. त्याची काळजी बागेतच घ्यावी लागते. वरवरचं मात्र तुमच्या हातात आहे.

घड कात्रीने छोट्या छोट्या झुपक्यांत कापा, फुटलेले आणि बुरशी आलेले मणी काढा. एक लिटर पाण्यात दोन सपाट चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम, खाण्याचा सोडा विरघळवून त्यात द्राक्षं पंधरा मिनिटं ठेवा. मधूनमधून हाताने हलकेच चोळा. मग दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. मण्यांवरची पांढुरकी लव म्हणजे औषध नव्हे, ते द्राक्षाचं स्वतःचं मेण आहे. ती लव असलेली द्राक्षं बघून बायका टोपली बाजूला सारतात, तेव्हा मला वाईट वाटतं. उलट ती लव कमी हाताळलेल्या, ताज्या मालाची खूण आहे. औषधाचे डाग ठिपक्यांसारखे, निळसर किंवा राखाडी, थेंब सुकल्यासारखे दिसतात.

सोड्याचं हे प्रमाण मनाचं नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक आणि फॉसमेट हे कीटकनाशक लावून पाहिलं. एक टक्का सोड्याच्या पाण्याने सालीवरचं पहिलं १२ मिनिटांत आणि दुसरं १५ मिनिटांत निघून गेलं. पण थायाबेंडाझोलचा २० टक्के भाग तोवर सालीच्या आत गेला होता, तिथे सोडा पोचला नाही. सफरचंदाचं चकचकीत मेण मला नको असतं म्हणून मी साल काढते. फळांना मधमाशीचं मेण, कार्नोबा किंवा लाखेचं मेण लावायला परवानगी आहे, ते विष नाही. पण मेणाखाली जे अडकलं ते धुता येत नाही.

स्ट्रॉबेरी खायच्या क्षणीच धुवा, हिरवी टोपी तशीच ठेवून. टोपी काढून धुतली तर पाणी आत शिरतं आणि फळ बुळबुळीत होतं. सोड्यात भिजवू नका, नळाखाली हलक्या धारेत धरा. अळिंबीलाही तेच, पटकन धुवून पुसा.

आंबा देठ वर करून पाण्यात अर्धा तास ठेवा आणि देठाजवळचा चीक नीट धुवा. त्या चिकाने ओठांवर, तोंडाच्या कडेला फोड येतात. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. तरीही पेटीच्या तळाशी राखाडी पूड असलेली पुडी सापडली तर ती फळं घेऊ नका. परवानगी आहे ती इथिलीन वायूची. आणि रायवळ आंबा चोखून खाणार असाल तर तोंड सालीलाच लागणार आहे, तेव्हा तो काकडीइतकाच नीट घासून धुवायला हवा.

७. क्लोरीन : कधी आणि किती

रोज लागत नाही. पावसाळ्यात, गॅस्ट्रो किंवा काविळीची साथ असताना, आणि वर सांगितलेल्या माणसांसाठी, फक्त कच्च्या खायच्या पालेभाजीला आणि कोशिंबिरीला वापरा. करोनाच्या काळात, २०२० साली, एफएसएसएआयने म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भाज्या-फळं ५० पीपीएम क्लोरीनच्या पाण्यात बुडवायला सांगितलं होतं. ५० पीपीएम म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम.

औषधाच्या दुकानातून पाणी शुद्ध करण्यासाठीचं सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण आणा. लेबलवर टक्केवारी वाचा. ५ टक्के असेल तर एक लिटर पाण्याला १ मिली. ४ टक्के असेल तर सव्वा मिली. सिरिंजने मोजा, झाकणाने अंदाजे ओतू नका. आधी माती पूर्ण काढलेली भाजी त्यात पाच मिनिटं ठेवा, मग पिण्याच्या पाण्याने धुवा. मातीची भाजी थेट क्लोरीनमध्ये घातली तर क्लोरीन मातीवरच खर्च होतं.

कपड्यांचं किंवा फरशीचं सुगंधी ब्लीच यासाठी कधीही वापरायचं नाही. क्लोरीनच्या पाण्यात व्हिनेगर किंवा लिंबू घालायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. बाटली लहान घ्या आणि अंधारात ठेवा, उन्हात आणि उकाड्यात तिचा जोर उतरतो. आणि क्लोरीनने जंतांची अंडी मरत नाहीत, म्हणून चोळून धुण्याला पर्याय नाही.

८. निथळा आणि पुसा

ही पायरी सगळे गाळतात. धुतलेली भाजी रोळीत दहा मिनिटं तिरकी निथळत ठेवा, मग पंच्यावर पसरून टिपून घ्या. पुसण्याने उरलेसुरले जंतू कापडावर येतात, कोथिंबीर चिरताना लगदा होत नाही, चटणी पाणचट होत नाही. पंचा रोजच्या रोज धुवून उन्हात वाळवा. ओटा पुसायचं फडकं आणि भाजी पुसायचा पंचा एकत्र झाला की सगळी मेहनत फुकट.

हमखास होणाऱ्या चुका

साबण किंवा भांड्यांचा लिक्विड भाजीला लावणं. पानं आणि साली सच्छिद्र असतात, साबण आत राहतो आणि पोट बिघडवतो.

जुन्या घरांतलं "लाल औषध", म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. अंदाजाने घातलेले खडे पूर्ण विरघळत नाहीत, पाणी गडद होतं आणि तोंड-घसा पोळतो. मी वापरत नाही, तुम्हीही वापरू नका.

तासन्‌तास भिजत घालणं. पंधरा मिनिटांपुढे फायदा वाढत नाही, भाजीचा कस मात्र पाण्यात उतरतो.

"ऑर्गॅनिक आहे, धुवायला कशाला?" शेणखत आणि मातीतले जंतू सेंद्रिय भाजीवरही असतात.

धुऊन न सुटणारी एक गोष्ट

मोड आलेली मटकी आणि मूग. डाएट म्हणून ती कच्ची खायची पद्धत वाढली आहे, पण मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही हवी असते, आणि ते दाण्याच्या भेगांत बसलेले असतात. २०११ साली जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूच्या साथीत जवळपास चार हजार माणसं आजारी पडली आणि पन्नासहून जास्त दगावली. तपासाअंती ती साथ मेथीच्या मोडांपर्यंत पोचली; बियाणं इजिप्तहून आलेलं होतं. त्यामुळे मोडाचं कडधान्य पिण्याच्या पाण्यात भिजवा, मोड आल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि खाण्याआधी चांगली वाफ आणा. आपल्या उसळीला हा धोका नाही, ती शिजतेच. भेळेत आणि सॅलडमध्येही वाफवूनच घाला.

शेवटी धुण्याचं पाणी. पहिलं मातीचं पाणी गाळून कुंड्यांना घाला, झाडांना ते आवडतं. मिठाचं, सोड्याचं आणि क्लोरीनचं पाणी मात्र मोरीत ओता, तुळशीला नको. आणि पुदिना धुताना चांगल्या मुळांची एखादी काडी सापडली तर टाकू नका, खिडकीतल्या कुंडीत खोचून ठेवा. आमच्या फ्लॅटच्या गॅलरीतला पुदिना तसाच आला आहे. त्याला फिल्टरचं उरलेलं पाणी घालते आणि तरीही चटणीआधी तीन पाण्यांतून काढते.